वीस पावलं

मुखरू ढिवराला पाण्याची भीती कधी वाटली नव्हती. आरमोरीच्या अलीकडे वैनगंगेच्या काठावर त्याचं गाव. भर पुरात डोंगा घालणारी, भोवऱ्यातून माणूस ओढून काढणारी ती माणसं. पण उंचावर उभं राहिलं की त्याला खाली बघवत नसे, आणि नशिबाचा खेळ असा की त्याला सरकारी नोकरी लागली ती नेमकी डोंगराच्या टोकावर उभं राहण्याची.

जमीन मोजणीच्या तुकडीत तो खलाशी, म्हणजे सामान वाहणारा, काठी धरणारा गडी होता. सन एकोणीसशे अठ्ठावनच्या वैशाखात तुकडीचा मुक्काम जिवतीच्या डोंगराळ मुलखात पडला होता. काम ऐकायला सोपं होतं. डोंगरमाथ्यावरच्या खडकात छिन्नीने एक खूण कोरलेली असे. त्या खुणेवर बारा हात उंचीची निशाणकाठी टेकवायची, ओळंबा लावून ती सरळ धरायची आणि हलायचं नाही. काठी बांबूची, पण तिच्या बुडाला आणि शेंड्याला लोखंडी टोपण होतं, शेंड्यावर लाल-पांढरं फडकं. पाच-सहा मैलांवरच्या दुसऱ्या डोंगरावरून साहेब दुर्बिणीतून ते फडकं बघायचा आणि कोन टिपून घ्यायचा. काम आटोपलं की साहेब उन्हात आरसा धरून तीनदा लखकन चमकवायचा. तो चमकारा दिसला की सुटी. दिसेपर्यंत काठी धरून ठेवायची. माथ्यावर नुसता खडक, खुंट्या ठोकून दोर बांधावेत तर वीतभर माती नाही, म्हणून माणूसच काठीला खुंटीसारखा जखडलेला.

साहेबाचं नाव गुणवंतराव. माणूस वाईट नव्हता, पण कामाच्या बाबतीत कोणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही. फाल्गुनात पत्रू नावाच्या खलाशाने काठी दगडाला टेकवून डुलकी घेतली, कोन चुकला आणि चार दिवसांची मोजणी पाण्यात गेली. गुणवंतरावांनी सगळ्यांच्या देखत पत्रूच्या छातीवरचा पितळी बिल्ला काढून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून मुखरूचा हात आपोआप स्वतःच्या बिल्ल्यावर जायचा, आहे ना जागेवर, हे बघायला.

डोंगरावर त्याच्या सोबतीला सुकरी होती. पायथ्याच्या गुड्यात, म्हणजे गोंडांच्या दहा-बारा घरांच्या वस्तीत, ती राहायची. वय पन्नाशीच्या घरात, कपाळावर आणि दंडावर गोंदण, अंगाने काटक. तुकडीने तिला पाणी वाहायला ठेवलं होतं. सकाळी डोक्यावर मडकं घेऊन ती चढायची आणि दिवसभर आजूबाजूच्या उतारावर चारं, म्हणजे चारोळीची फळं, वेचत राहायची. मुखरू तिला बाई म्हणायचा, ती त्याला भाऊ. दोघांचं बोलणं कमीच. पण माथ्यावर दुसरा माणूस आहे, एवढ्यानेही मुखरूला धीर यायचा.

त्या माथ्यावर झाड म्हणावं असं एकच होतं, एक जुना मोह. दुर्बिणीच्या आड येतात म्हणून तुकडीने बाकीची झाडं तोडली होती. मोहाला मात्र गुड्याने हात लावू दिला नाही. त्याच्याखाली त्यांचा पेन बसतो, म्हणजे देव. त्यामुळे सपाट माथ्यावर आता एवढं एकच झाड उभं होतं, आणि त्याच्यापासून शंभर पावलांवर निशाणकाठी धरून मुखरू.

त्या दिवशी सकाळपासून ऊन असं होतं की खडकावर पाय ठरत नव्हता. वाऱ्याची झुळूक नाही. दुपारी मुखरूने काठी धरली. साधारण घटकाभरात चमकारा दिसायचा, तो दिसला नाही. घामाने हात निसटत होते. तो पुन्हा पुन्हा समोरच्या डोंगराकडे बघत होता.

सुकरी चारांची टोपली घेऊन आली आणि त्याच्याकडे न बघता माणिकगडाच्या बाजूला बघत उभी राहिली. तिकडे क्षितिजावर ढगांचा एक ढीग वर चढत होता. वरून कापसासारखा पांढरा, खालून काजळासारखा.

"भाऊ, उतरा आता."

"अजून आरसा नाई दिसला बाई."

"थे आभाळ पाहा. येऊन राह्यलं."

"येऊ दे. लांब आहे अजून."

टोपली तिथेच ठेवून ती उकिडवी बसली आणि ऐकत राहिली. थोड्या वेळाने दूरवर कुठेतरी जड गाडी लाकडी पुलावरून जावी तसा आवाज आला. मुखरूच्या मानेवर काटा आला.

"ऐकलं?" सुकरी म्हणाली. "गडगड कानावर आली म्हंजे ईज आपल्यावर पडू शकते. डोक्यावर ढग येतपर्यंत थांबाचं नसते."

"मी उतरलो आणि साहेब दुर्बिणीत बघत असन त? माझा बिल्ला जाईल."

"बिल्ला खाता का ईज पडल्यावर?"

त्याला राग आला. जंगलातल्या बाईला सरकारी कामाचं काय कळतं, असंही मनात येऊन गेलं. पण रागाखाली भीती होती आणि ती त्याची त्याला चांगली कळत होती. त्याने काठी आणखी घट्ट धरली.

ढग बघता बघता निम्म्या आभाळावर आला. उजेडाचा रंग बदलला, पिवळसर झाला. मग सूर्य झाकला गेला आणि उन्हाने तापलेल्या खडकावरून एकाएकी थंड वारा आला. काठीवरचं फडकं फाडफाड वाजू लागलं. माथ्यावरचे होले पक्षी केव्हाच उडून गेले होते.

"आता दाखवल साहेब आरसा," मुखरू मोठ्याने म्हणाला. ते सुकरीला सांगणं नव्हतं, स्वतःलाच समजावणं होतं. "आता दाखवलच."

सुकरी उठली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कशात दाखवल?"

"म्हंजे?"

"आरसा चमकते थो सूर्यात. सूर्य कुठी आहे?"

मुखरूने वर बघितलं. डोक्यावर काळं आभाळ होतं, सूर्याचा मागमूसही नव्हता. खरंच की. ऊन नाही तर चमकारा कुठून येणार? साहेबाच्या मनात असलं तरी आता सुटीचा इशारा येणार नव्हता. ज्याची वाट बघत तो इतका वेळ उभा होता, ते येणारच नव्हतं. ही साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, म्हणून त्याला घेरी आल्यासारखं झालं.

तरीही त्याने काठी सोडली नाही. का सोडली नाही हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. पत्रूचा रडवेला चेहरा डोळ्यांपुढे होता. साहेब अजून बघत असेल, ढग पुढे सरकेल, ऊन पडेल, असलं काहीबाही मनात चाललं होतं. माणूस घाबरला की जे करत असतो तेच करत राहतो, तसं त्याचं झालं.

मग काठी गुणगुणू लागली.

आधी त्याला वाटलं, आग्या माश्यांचं मोहोळ उठलं. त्याने मान फिरवून बघितलं. माशी एकही नव्हती. आवाज काठीच्या शेंड्यावरून येत होता, बारीक, सलग, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब चुरचुरावेत तसा. तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. दंडावरचे केस उभे राहिले. डोक्यावरचं मुंडासं कोणी अलगद वर उचलतंय असं वाटलं, कारण मुंडाशाखालचे केसही उठले होते.

"फेक!" सुकरी किंचाळली. अहोजाहो, भाऊ, सगळं विसरली. "फेक थे! फेक!"

बोटं सुटेनात. सुकरीने खालची काटकी उचलली आणि त्याच्या मनगटावर सपकन हाणली. कळ डोक्यापर्यंत गेली आणि हात उघडले. काठी खडकावर आदळून दोनदा उसळली.

मुखरू धावला, आणि धावला तो सरळ मोहाकडे. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. आभाळ कोसळायला लागल्यावर माणूस झाडाखाली जातो, लहानपणापासून गेलेला असतो. दहा-पंधरा पावलांवर सुकरीने मागून त्याचा सदरा धरला. शिवण फाटली.

"तिथं नाई!"

"झाड आहे बाई, झाड..."

"झाडाचं अंग पाहा!"

त्याने बघितलं. तीन दिवस तो त्याच सावलीत भाकर खात होता, पण पलीकडची बाजू त्याने बघितली नव्हती. या कोनातून ती दिसत होती. शेंड्यापासून मुळापर्यंत साल उकलून गेलेली, हातभर रुंद पांढरा पट्टा, कडेने जळकट.

"दरसाली पडते. आमी पेनाले हात जोडतो न् दूर होतो. चाल."

जाता जाता टोपली उचलून ती उताराला लागली, तो तिच्या मागे. पहिली वीज पलीकडच्या दरीत पडली. सगळं पांढरं झालं आणि डोळे मिटायच्या आत आवाज आला. मुखरू ओरडला. स्वतःचं ओरडणं त्याला ऐकू आलं नाही. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले, मग गारा. उतारावर थोडं खाली खडकाची एक कपार होती, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. मुखरू आत शिरायला वाकला.

"नको!" सुकरी न थांबता ओरडली. "वरून उतरलेली ईज कपारीच्या तोंडातून उडी मारते. गेल्या साली माह्या तीन शेळ्या तिथंच मेल्या."

तो पुन्हा तिच्या मागे पळाला. घसरला, कोपर सोलवटलं, उठला. उतार जिथे थोडा सपाट होतो तिथे एक खोलगट जागा होती. तोडलेल्या सागाला फुटलेली पोरसवदा झुडपं तिथे दाट वाढली होती, सगळी एका उंचीची, माणसाच्या खांद्याला लागतील एवढी. बाजूने नाला गेला होता. सुकरीने नाला टाळला आणि झुडपांच्या मध्ये उघडी जागा बघून थांबली.

"इथी बस. झोपू नको, उभा राहू नको. टाचेले टाच लाव, चवड्यावर बस, डोकं गुडघ्यात घाल. कान झाक."

तो बसला. ती वळून चालू लागली.

"बाई! कुठी चालली?"

"तिकडे. वीस पावलं दूर."

"काऊन? इथंच बस न्!"

गारांच्या माऱ्यात ती क्षणभर थांबली. डोक्यावर टोपली पालथी घातली होती, गारा तिच्यावर ताडताड वाजत होत्या.

"दोघं एका ठिकाणी बसलो त दोघं बी मरू. दूर बसलो न् एकावर पडली, त दुसरा उठून उचलल."

आणि ती गेली. मुखरूला झुडपांच्या फटीतून तिच्या लुगड्याची फक्त लाल किनार दिसत होती.

आता तो एकटा होता. त्याने टाचा जुळवल्या, डोकं गुडघ्यात घातलं, कान झाकले. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत उजेड लखलखत होता. प्रत्येक लखलखाटाला अंग आकसून घ्यायचं, आणि आवाज आला की आपण अजून जिवंत आहोत हे कळायचं. मांड्या भरून आल्या. पाठीवर गारा दगडांसारख्या आदळत होत्या. तो गंगामाईचं नाव घ्यायला लागला, पण नाव अर्ध्यावर तुटायचं आणि दातांचीच कडकड उरायची.

आणि नको ते आठवायला लागलं. तो सात-आठ वर्षांचा असताना गावातल्या बिरजूवर बांधावर वीज पडली होती. गावाने त्याला काठ्यांनी ढकलत शेणाच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलं होतं, शेण वीज ओढून घेतं म्हणून. कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. विजेने मेलेल्याच्या अंगात वीज राहते, शिवणाऱ्याला सोडत नाही, असं म्हणत. बिरजूचं डोकं तेवढं शेणातून वर आलेलं आणि ओठ निळे. दिवस मावळला तेव्हा लोकांनी त्याला बाहेर काढलं ते जाळायलाच.

आपण इथे मेलो तर कोणाला कळणार? कोण शोधायला येणार? वरच माथ्यावर एक लोळ उतरला. जमीन हादरली. जळल्याचा, गंधकाचा वास आला. मुखरूला बसवेना. किनार दिसेना झाली होती. सुकरी आहे की गेली? आपल्याला सोडून पळाली तर नाही? तो एकटेपणा त्याला विजेपेक्षा असह्य झाला.

तो उठला.

वाकून, झुडपं दोन्ही हातांनी बाजूला सारत, तो तिच्याकडे धावला. पाच पावलं, दहा पावलं. सुकरी चवड्यावर बसलेली दिसली. त्याची चाहूल लागून तिने डोकं वर केलं. तो अगदी जवळ येतोय हे बघून ती अर्धवट उभी राहिली. एक पाय पुढे, एक मागे, हात उंचावून त्याला मागे लोटत.

"दूर! दूर हो म्हणते न्..."

पुढचे शब्द आलेच नाहीत.

मुखरूला शुद्ध आली तेव्हा तोंडात चिखल होता. कानात एक शिट्टी वाजत होती, दुसरा आवाज नव्हता. त्याने उठायचा प्रयत्न केला. कमरेखाली पाय आहेत असं वाटेना. त्याने हात लावून बघितलं. पाय होते, पण दुसऱ्या कोणाचे असावेत तसे थंड आणि मुके. पाच-सहा हातांवर एक सागाचं रोप उभं चिरून गेलं होतं आणि पावसातही धुमसत होतं.

सुकरी उताणी पडली होती. टोपली कुठेतरी उडाली होती. तो कोपरांवर सरपटत तिच्याजवळ गेला. डोळे अर्धे उघडे, त्यांत पावसाचं पाणी साचलेलं. छाती हलत नव्हती. ओठ निळे पडले होते, बिरजूचे पडले होते तसे.

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. शिवलं तर? तिच्या अंगात ती अजून असली तर? त्याने पुन्हा हात नेला, पुन्हा मागे घेतला. आणि इथे सांगायला हवं, कारण पुढे त्याने स्वतःच ते सांगितलं, की तो वळला. पाठ फिरवून उताराकडे सरपटू लागला. गुड्यात जाऊन माणसं आणू, असं मनाला सांगत होता, पण गुडा अर्ध्या कोसावर होता आणि त्याचे पाय चालत नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. तो पळत होता. तिला सोडून पळत होता.

चार-पाच हात गेला असेल. आणि मग ते निळे ओठ त्याच्या डोळ्यांपुढे आले. पण या वेळी बिरजूचे नाही. नदीवरचे. असे निळे ओठ त्याने नदीवर कितीदा बघितले होते! पाण्यातून ओढून काढलेल्या माणसाचे असेच असतात. आणि तेव्हा त्याचा बाप, चुलते, तो स्वतः, काय करतात? रडत बसत नाहीत. पालथं घालतात आणि पाठीवर दाब देतात.

तो परत फिरला. डोळे मिटून त्याने सुकरीच्या दंडाला हात लावला. काही झालं नाही. दंड ओला आणि मऊ होता, कोणाही माणसाचा असतो तसा.

त्याने तिला पालथं केलं, मान एका अंगाला वळवली, तोंडातला चिखल बोटाने काढला. पायांचा जोर नव्हता, म्हणून तो तिच्या कमरेशी कसाबसा गुडघे रोवून बसला आणि दोन्ही तळवे फासळ्यांवर ठेवून अंगाचा भार टाकला. सोडला. पुन्हा टाकला. बापाने शिकवलेली लय होती ती, डोंग्याचं वल्हं मारायची. रेट, सोड. रेट, सोड. वीज पडत होती. दर लखलखाटाला हात थांबावेत असं वाटत होतं. पण थांबलं की बुडणारा जातो, हे त्याच्या हातांना माहीत होतं.

"ये बाई, ये," तो बडबडत होता. "ये वर. वर ये."

किती वेळ गेला कोण जाणे. दंड भरून आले. मग तिच्या घशातून घरघर झाली, गटारात पाणी अडावं तशी. त्याने रेटणं सोडलं नाही. पुन्हा घरघर. मग एक मोठा, फाटका श्वास. मग उलटी. आणि सुकरी खोकायला लागली.

मुखरू तिच्या शेजारी चिखलात आडवा झाला आणि हमसून हमसून रडू लागला.

ती काहीतरी गोंडीत म्हणाली. त्याला कळलं नाही. मग तिने डावा हात उचलून त्याच्या छातीला लावला आणि ढकलला. अंगात ताकद नव्हती, नुसता स्पर्श झाला. पण तिला काय म्हणायचंय ते कळलं. वीज अजून संपली नव्हती. तो लांब सरकला, पण ती दिसत राहील एवढ्याच अंतरावर, आणि तिचा श्वास चालू आहे का ते बघत टाचा जुळवून बसला. पायांत आता मुंग्या भरू लागल्या होत्या. पाऊस थांबला तरी सुकरी त्याला उठू देईना. गडगड लांब गेली, पार पूर्वेला गेली, मग ऐकूही येईनाशी झाली. तरी ती हाताने थांब, थांब करत राहिली. खूप वेळाने तिने स्वतःच मान हलवली.

त्याने तिला पाठीवर घेतलं आणि लटपटत्या पायांनी गुडा गाठला.

तिथे वेगळीच परीक्षा होती. सुकरीचा नवरा लालसू आणि चार माणसं धावत आली. वीज पडली म्हणताच एका म्हाताऱ्याने शेणखड्डा उकरायला फावडं मागितलं. मुखरू तिच्या आडवा उभा राहिला. परक्या वस्तीत, फाटक्या सदऱ्यात, अंगभर चिखल.

"श्वास चालू आहे जी! पुरू नका. थंडीनं काकडून राह्यली, गोधडी आणा, ऊब द्या. पुराल त श्वास कोंडल."

लालसू बायकोशेजारी वाकला. सुकरीने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "गोधडी." तेवढ्याने म्हाताऱ्याने फावडं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव आले. मुखरू त्यांना घेऊन माथ्यावर गेला. निशाणकाठी जिथे फेकली होती तिथेच होती, पण ती काठी उरली नव्हती. बांबूचे केरसुणीसारखे बारीक धागे झाले होते, शेंड्याचं लोखंडी टोपण वितळून वाकडं झालं होतं. खडकावरच्या खुणेतून एक ताजी भेग गेली होती. गुणवंतरावांनी वाकून त्या भेगेवर हात फिरवला.

मग म्हणाले, "तू काठी कधी सोडलीस?"

"गुणगुणाले लागली तेव्हा."

"एवढा वेळ उभा होतास? अरे, मी तर पहिली गडगड ऐकली आणि दुर्बीण पेटीत घातली. माझ्याकडे ऊन आधीच गेलं होतं. ढग बघूनच खाली उतरलो. तुला डोळे नव्हते काय?"

मुखरूचा हात बिल्ल्यावर गेला. आणि मग खाली आला. जी दुर्बीण आपल्याकडे बघतेय म्हणून तो मरायला उभा राहिला होता, ती घटकाभर आधीच पेटीत बंद झाली होती. त्याला वाटलं होतं राग येईल. पण आठवला तो सुकरीचा चिखलातला चेहरा.

"साहेब, तुमी उतरले थे मले कसं कळाचं होतं?"

गुणवंतरावांनी नजर पुन्हा भेगेकडे वळवली.

"सूर्य झाकला की आरसा नाई चमकत," मुखरू म्हणाला. "आता यापुढं गडगड ऐकू आली की मी काठी आडवी टाकून उतरन. तुमचा आरसा दिसो का नाई. नाई चालत त बिल्ला आत्ताच घ्या."

साहेबांनी वितळलेलं टोपण उचलून हातात फिरवलं. "उतर," ते शेवटी म्हणाले. "सगळ्याच खलाशांना तसं सांगतो." आणि मग, जरा वेळाने, "ती बाई कशी आहे?"

सुकरी वाचली. उजवा हात महिनाभर धड उचलला जात नव्हता आणि उजव्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. पाठीवर नेच्याच्या पानासारखी तांबडी नक्षी उमटली होती, ती दोन-तीन दिवसांत विरून गेली. मुखरू रोज संध्याकाळी तिला बघायला जायचा आणि दारात बसून परत यायचा. सांगायचं होतं ते ओठांवर येऊन अडायचं.

पाचव्या दिवशी त्याने धीर केला. सुकरी अंगणात चारं फोडत बसली होती, डाव्या हाताने. लालसू दोर वळत होता.

"बाई," मुखरू हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी जागा सोडून तुह्याकडे आलो, म्हणून तू उभी झाली. माह्यामुळं झालं थे."

"आं?" सुकरीने मान वळवली. तो तिच्या बहिऱ्या कानाकडे बसला होता. "का म्हणतस?"

त्याने पुन्हा सांगितलं.

"जोरानं बोल भाऊ. नाई ऐकू येत."

शेवटी मुखरूला ओरडून सांगावं लागलं. भ्यालो म्हणून पळत आलो. तू पडली तरी आधी तुले सोडून जाऊन राह्यलो होतो. शेजारच्या दारात बाया उभ्या राहिल्या. खेळणारी पोरं थांबली. सगळ्या गुड्याने ऐकलं.

सुकरी चारं फोडायचा दगड हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"म्या बी उभी झाली," ती म्हणाली. "उभं नाई व्हाचं होतं. मले बी भेव वाटलं." मग तिने दगड खाली ठेवला. "पण आला न् परत."

लालसूने दोराचा पीळ तसाच धरून ठेवला होता. तो या पाच दिवसांत मुखरूशी एक शब्द बोलला नव्हता. आता त्याने घसा खाकरला.

"हिच्यानं मडकं नाई उचलत अजून," तो म्हणाला. "उद्यापासून डोंगरावर पानी म्या आनतो." आणि अंगणाच्या कोपऱ्यातला पाट पायाने त्याच्याकडे सरकवला, मुखरूने जमिनीऐवजी त्यावर बसावं म्हणून.